मान ठेवायची कुठं

“मग हिची डिकी कुठं गेली?” वस्तादांनी विचारलं.

“हिला वेगळी डिकी नसतेच. मागचं दार वर उचलायचं आणि सामान सीटच्या मागं टाकायचं. ही हॅचबॅक.” धैर्यशीलनं मातीत बोटानं काढलेल्या गाडीच्या बुडाशी टिचकी मारली. “दोन डबे. पुढं इंजिन, मागं माणसं आणि सामान एकत्र.”

“आखूड हाय.”

“आखूड आहे म्हणून तर बोळाबोळातनं जाते. पटकन वळते. उभी करायला जागा कमी लागते.”

वस्तादांनी त्या रेघोट्यांकडे बराच वेळ बघितलं.

“बुटका पैलवान,” ते म्हणाले. “पायात शिरतो. हाताला गावत न्हाई.”

धैर्यशीलला हे एकदम पसंत पडलं. शोरूममध्ये गिऱ्हाइकापुढं हेच वाक्य टाकायचं, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं.

दुपार कलायला लागली होती. तालमीत दोघांखेरीज कुणी नव्हतं. हौद्यातली लाल माती सकाळच्या लढतींनंतर सारखी करून ठेवली होती आणि कोनाड्यातल्या मारुतीला ताजा शेंदूर होता. दस्तगीर वस्ताद उंबऱ्याच्या आत घोंगडं टाकून बसले होते. वय ऐंशीच्या घरात, मोडलेले कान, आणि डोकं उघडं, तुळतुळीत.

पंचक्रोशीतल्या निम्म्या पैलवानांच्या डोक्यावर जिंकल्याचा फेटा वस्तादांनी बांधला होता. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र फेटा सोडाच, साधी टोपीही कधी कुणी बघितली नव्हती.

धैर्यशील तोडकर त्यांचा जुना पठ्ठ्या. जुना म्हणजे अर्धामुर्धाच. कुस्ती त्यानं कॉलेजात असतानाच सोडली, कोल्हापुरात गाड्यांच्या शोरूमला चिकटला आणि तिथं मात्र त्यानं मैदान मारलं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की नुसत्या चालीवरून हा ओळखायचा, ह्याला कुठली गाडी शोभेल. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. आज सगळं शोरूम त्याच्या हाताखाली होतं. शर्टाची इस्त्री तालमीच्या उंबऱ्यावर बसूनही मोडली नव्हती.

असा माणूस आज वस्तादांकडे मागणं घेऊन आला होता.

मागणं एवढंच होतं. उद्या शेजारच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान होतं आणि आखाडापूजनाचा मान धैर्यशीलच्या वडिलांना, शिदू पैलवानांना मिळाला होता. मुलानं पाडव्याला नवीकोरी गाडी घेतलेली. वडील तिच्यातून दिमाखात जातील, हे सांगायलाही नको होतं. पण शिदू पैलवान म्हणाले, मी आपला तालमीच्या टेम्पोत येतो. पोरांच्या संगट. मागं उभा राहून.

टेम्पोत. मागं. दांडी धरून.

पाडव्यापासून आजपर्यंत वडील त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. बाजारला निघाले की एसटी, दवाखान्यात जायचं की कुणाचीतरी मोटरसायकल. गाव काय, डोळे मिटून बसत नाही. तोडकराच्या घरात बापलेकाचं बिनसलंय, असं दूध संस्थेच्या कट्ट्यावर बोललं जाऊ लागलं होतं. धैर्यशीलच्या कानांवर ते आलं त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

“तुमचा शब्द अण्णा मोडत नाहीत,” तो आल्या आल्या वस्तादांना म्हणाला होता. “तुम्ही एकदा सांगा त्यांना. माझ्या गाडीत बसा म्हणून.”

“सांगतो,” वस्ताद म्हणाले होते. “बसंल त्यो. पर आदी मला कळू दे, मी त्याला कशात बसाय सांगतोय ते.”

आणि धैर्यशील मग रंगात आला होता. कुणी गाड्यांबद्दल विचारलं की त्याचं असंच व्हायचं.

“आता ही बघा.” त्यानं दुसरी गाडी काढली. उंच, चौकोनी, चाकं मोठी. “ही एसयूव्ही. जमिनीपासून वर असते. खड्डा, चढ, ओढ्याचं पाणी, कशाला दाद देत नाही. आत बसलं की सगळा रस्ता खाली दिसतो. हल्ली ज्याला त्याला हीच पाहिजे. घरापासून ऑफिसापर्यंत डांबरी रस्ता असला तरी हीच.”

“छाती काढून चालतीया.”

“चालते. पण आत चढायला पाय उचलावा लागतो, वस्ताद. म्हाताऱ्या माणसाचं काम नाही.”

“आनि ही लांबडी?” तिसरं चित्र काढून होताच वस्तादांनी विचारलं.

“ती सात सीटर. घरातली सगळी माणसं, पाव्हणेरावळे, लग्नाचं बिऱ्हाड, सगळं मावतं. पण मागच्या ओळीत बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात.”

“त्यात जो बसतो त्यो जेवनाच्या पंगतीला बी कडंलाच आसतो,” वस्ताद म्हणाले. “आनि तुझी कंची?”

धैर्यशीलनं हात झटकले. पुढची गाडी त्यानं सावकाश काढली. आधी बोनेट, मग वर चढणारी काच, मग टप, आणि टपावरून मागं घसरत डिकीपर्यंत उतरणारी एकच लांबलचक रेघ. ती रेघ त्यानं श्वास रोखून ओढली. देवळाच्या भिंतीवर चित्र काढणाऱ्याचा हात असा चालतो.

“ही सेडान. तीन डबे. इंजिन वेगळं, माणसं वेगळी, सामान वेगळं. आत ना इंजिनाचा आवाज, ना मिरच्यांच्या पोत्याचा वास. रस्त्याला धरून पळते. आणि हा टप बघा, मागं उतरतोय. वारा अंगावर घेत नाही, कापत जाते.”

“देखनी हाय.”

“देखणी आहेच.” धैर्यशीलला दाटून आलं. “पण मी देखणी म्हणून नाही घेतली, वस्ताद. मला एसयूव्ही घेता आली नसती का? सगळे म्हणत होते, साहेब, तुम्ही आणि खाली बसणारी गाडी? पण मी अण्णांचे गुडघे बघितले. घरी ज्या बाजल्यावर ते बसतात, त्याची उंची मी टेपनं मोजली. त्या उंचीची सीट शोधली. पाय उचलायचा नाही, वाकडं व्हायचं नाही, बाजल्यावर टेकतात तसं टेकायचं. अशी गाडी निवडणारा मुलगा गावात दुसरा दाखवा.”

हे खरंच होतं. दुसरा नव्हता.

वस्तादांनी मान डोलावली. मग पुढं वाकून त्या चित्राच्या मधल्या डब्यावर त्यांनी आपलं जाड बोट टेकवलं.

“आनि ह्यात मान कुठं ठिवायची?”

“मागच्या सीटवर,” धैर्यशील ताबडतोब म्हणाला. “सेडानमध्ये मान असतो तो मागच्या सीटचा. पुढं ड्रायव्हर, मागं मालक. अण्णांना मी पुढं माझ्या शेजारी बसवीन होय? मागं, एकटे. ऐसपैस.”

“मागं.”

“मागं.”

वस्तादांनी बोट काढून घेतलं. चित्रात तिथं एक खळगा राहिला.

“मग पाडव्याला काय झालं?”

धैर्यशीलनं दाराबाहेर बघितलं. ही गोष्ट त्यानं घरातसुद्धा कुणाजवळ धड बोलून दाखवली नव्हती.

“सगळं रीतसर झालं. हार, हळदकुंकू. चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ अण्णांनीच फोडला. गल्ली सगळी जमली होती. मी मागचं दार उघडून उभा राहिलो. अण्णा आले, एक पाय आत टाकला, वाकले…”

“हं.”

“आणि थांबले. तसेच थांबले थोडा वेळ. मग पाय बाहेर घेतला. म्हणाले, गुडघा धरला रं माझा. आणि घरात निघून गेले. चालत. ताठ.” त्याचा आवाज चढला. “ज्या गुडघ्यासाठी मी एवढं केलं, वस्ताद, त्याच गुडघ्याचं निमित्त. सगळ्या गल्लीसमोर. तेव्हापासून बसले नाहीत.”

“शिदूच्या डोक्यावर काय हुतं?”

“काय असणार. फेटा. अण्णा फेट्याशिवाय असतात कधी?”

नसायचे. शिदू तोडकरांनी तरुणपणी एका भल्या दांडग्या मल्लाला भर मैदानात आस्मान दाखवलं होतं. त्या दिवशी दस्तगीर वस्तादांनी त्यांच्या डोक्यावर बांधलेला फेटा पुढं कापड बदलत राहिला, पण डोक्यावरून उतरला नाही. मारुतीपुढं आणि न्हाव्यापुढं, एवढ्या दोनच ठिकाणी तो काढत, असं गाव थट्टेनं म्हणे. बायकोनं हयातभर त्यांना बोडकं बघितलं ते झोपेत.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात न टेकता उठले. धैर्यशीलनं ते बघितलं आणि त्याला वडिलांची आठवण येऊन उगीच राग आला. वस्तादांनी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीतून एक कापड काढलं. गुलाबी, जरीच्या काठाचं, घडीसुद्धा न मोडलेलं.

“उद्याच्याला शिदूला बांदायचा हाय. कापड नवं हाय, कसं बसतंय बघू. हिकडं ये. खाली बस.”

“माझ्या डोक्यावर?”

“मग काय मारुतीच्या?”

धैर्यशील खाली बसला. फेटे त्यानं लग्नांत पुष्कळ घातले होते. भाड्यानं आणलेला माणूस वऱ्हाड्यांना रांगेत उभं करून भराभरा बांधत सुटतो, तसले. वस्तादांच्या हातचा एकही नव्हता. तो मिळायला मैदानात माणूस पाडावा लागत असे आणि धैर्यशीलनं ऐन वयात तालीम सोडली होती. त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही. तोही बोलला नाही. पण जत्रेच्या मैदानात कुणाच्या डोक्यावर फेटा चढला की त्याची नजर आपोआप दुसरीकडे जाई.

वस्तादांच्या हातांना मातीचा आणि तेलाचा वास येत होता. एक पदर कपाळाला भिडला, दुसरा त्याच्यावर चढला. पीळ घट्ट बसत गेला. शेवटी तुरा वर निघाला आणि वस्तादांनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून सरळ केलं.

काही म्हणा, माणूस फेट्याखाली बदलतो. धैर्यशीलचा पाठकणा आपोआप सरळ झाला. खांदे मागं गेले. शोरूममधल्या आरशात रोज दिसणारा साहेब कुठल्या कुठं गेला आणि आपण शिदू पैलवानाचा मुलगा आहोत, हे त्याला पाठीच्या मणक्यातून कळलं.

“झ्याक,” वस्ताद म्हणाले. “आता जा. गाडी आन.”

“इथं? बोळात येत नाही ती. लांबीला आहे. दूध संस्थेसमोर लावलीय.”

“पाराम्होरं आन. मी बसून बघतो.”

“मग फेटा…”

“ऱ्हाऊ दे की. घटकाभर बसू दे डोक्यावर. नवं कापड हाय.”

तालमीचं दार बुटकं होतं. इतकं की आमदार आला तरी त्याला वाकूनच यावं लागे. धैर्यशील एक हात तुऱ्याशी धरून वाकला, बाहेर पडला आणि बाहेर पडताच पुन्हा ताठ झाला.

बोळातून चालताना त्याची चालच निराळी पडत होती. घाईनं चालावं असं त्याला वाटेना. दारात बसून लसूण सोलणाऱ्या बायका मागं वळून बघायला लागल्या. वळणावर एकानं सायकलवरून उतरून वाट दिली. ह्याच माणसानं परवा त्याच्या गाडीला वाट देताना कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

दूध संस्थेसमोर संध्याकाळच्या दुधाची रांग लागायला सुरुवात झाली होती. किटल्या खाली ठेवून माणसं कट्ट्यावर टेकली होती. त्यात आकाराम म्हातारे होते. अण्णांच्या बरोबरीचे, आणि तोंडाचे तिखट.

“कुनाचं लगीन गा?” आकाराम म्हातारे म्हणाले.

कट्टा हसला.

“लग्न नाही, तात्या. वस्तादांनी बांधलाय.”

“कुनी?”

“दस्तगीर वस्तादांनी.”

हसू जिथल्या तिथं राहिलं. आकाराम म्हातारे कट्ट्यावरून उतरले, जवळ आले, डोळे बारीक करून त्यांनी पीळ बघितला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

“त्येंचाच हाय,” ते मागं वळून बाकीच्यांना म्हणाले. “असा पीळ दुसऱ्याचा न्हाई. शिदूचं पोरगं हाय, शोभतंय.”

शिदूचं पोरगं. चाळिशी उलटलेल्या धैर्यशीलला हा शब्द आजवर कधी एवढा मोठा वाटला नव्हता. शोरूममध्ये त्याला मिळालेल्या सगळ्या ढाली त्या क्षणी कुणी मागितल्या असत्या तर त्यानं देऊन टाकल्या असत्या.

तो गाडीपाशी गेला. दिमाखात दार उघडलं. कट्टा बघत होता, हे त्याला पाठीवर जाणवत होतं.

तो वाकला, आत शिरला, सीटवर टेकला आणि मान सरळ केली.

फेटा टपाला भिडला.

नुसता भिडला नाही. तुरा आडवा झाला आणि कपाळावरचा पदर भुवयांवर सरकला. धैर्यशीलनं घाईनं मान खाली घातली आणि फेटा सावरला. रस्ता दिसेना, स्टिअरिंग तेवढं दिसत होतं.

त्यानं मान एका अंगाला कलती केली. उगाच कुणाचं तरी गुपित ऐकत बसल्यासारखं झालं ते. मग त्यानं सीट मागं पाडली. पाडत पाडत इतकी पाडली की फेटा सुटा झाला, पण आता तो स्वतःच उताणा पडला होता. पाठ टेकून, पोट वर. खिडकीतून त्याला आकाशाचा एक तुकडा आणि किटली घेऊन उभे असलेले आकाराम म्हातारे उलटे दिसले. पैलवानाच्या पोरानं सगळ्या गावादेखत पाठ टेकली होती, तीही समोर कुणी नसताना.

तो झटक्यात उठून बसला आणि फेटा पुन्हा टपाला लागला.

काढून बाजूच्या सीटवर ठेवावा. साधी गोष्ट. पारापर्यंत तर जायचं. त्याचा हात वर गेला, बोटं पिळाला लागली…

कट्ट्यावरून कुणी हसत नव्हतं. सगळे नुसते बघत होते. शोभतंय म्हणाले होते ते.

हात तसाच खाली आला.

धैर्यशील बाहेर उतरला. काहीतरी शोधायचं आहे अशा आविर्भावात त्यानं मागचं दार उघडलं. मानाची सीट. ऐसपैस, मऊ, बाजल्याच्या उंचीची. त्यानं एक पाय आत टाकला, वाकला. टप इथं आणखी खाली होता. त्याला तो पाठच होता, ती मागं उतरणारी रेघ, श्वास रोखून काढलेली. ज्या रेघेसाठी तो गिऱ्हाइकांना मागं नेऊन गाडी दाखवायचा, ती रेघ नेमकी ह्या सीटच्या वरून खाली जात होती. इथं बसायचं तर फेटा मांडीवर घ्यायला हवा, नाहीतर उभ्या वाटेनं मान खाली.

एक पाय आत, एक बाहेर, असा तो थांबला.

अण्णाही असेच थांबले होते. इथंच.

गल्ली सगळी जमली होती. मुलगा दार धरून उभा होता, छाती पुढं काढून. आणि अण्णांनी मान वळवून एकदा मुलाच्या तोंडाकडे बघितलं होतं. ते आत्ता त्याला आठवलं. मग पाय बाहेर घेऊन ते म्हणाले होते, गुडघा धरला रं माझा. तुझ्या गाडीत माझा फेटा बसत नाही, असं ते म्हणू शकले असते. गल्ली हसली असती. गाड्यांतल्या एवढ्या मोठ्या जाणत्याला बापाचं डोकं मोजता आलं नाही, म्हणून वर्षभर हसली असती.

अण्णांनी ते स्वतःच्या गुडघ्यावर घेतलं होतं. आणि तेव्हापासून एसटीच्या फळीवर बसून, लोकांच्या मोटरसायकलींवर मागं बसून, ते गुडघ्याचं खोटं निभावून नेत होते.

धैर्यशीलला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेच्याही वर, भरून येऊन, वडिलांचा अभिमान वाटला.

त्यानं दार लावलं. गाडीला कुलूप घातलं.

“का गा, चालू हुईना का?” आकाराम म्हाताऱ्यांनी विचारलं.

“होते की,” धैर्यशील म्हणाला. “मीच चालत जातो.”

आल्या वाटेनं तो परत निघाला. अर्ध्या बोळात त्याचे पाय एकदम थांबले. वस्तादांनी मघाशी काय विचारलं होतं? मान कुठं ठिवायची. ठिवायची. ठेवायचा नव्हे. आणि आपण मानाच्या सीटचं व्याख्यान दिलं. मराठी शाळेतल्या पोरालाही कळला असता तो फरक.

तालमीच्या दारात तो वाकला. हात तुऱ्याशी धरला, आत आला, ताठ उभा राहिला. वर तुळया होत्या, त्यांच्याही वर कौलं. फेट्याला भरपूर जागा होती.

वस्ताद होते तिथंच बसले होते.

“गाडी?”

“राहिली.”

“बंद पडली?”

“नाही.”

“दारात तर वाकलास की आत्ता,” वस्ताद म्हणाले.

“व्हय.” धैर्यशीलच्या तोंडून शोरूमची भाषा कधी गळून पडली ते त्यालाही कळलं नाही. “दारात वाकायला काय न्हाई, वस्ताद. आत आल्यावर सरळ व्हायला मिळतं. तिथं आत गेल्यावर बी…”

त्यानं फेट्यावर आडवा तळवा धरून दाखवला.

मातीतली चित्रं अजून होती. बुटकी, छातीवाली, लांबडी, आणि ती देखणी, मध्ये बोटाचा खळगा असलेली. धैर्यशील त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मग त्यानं खाली बसून, सगळ्यांच्या शेजारी, आणखी एक काढली. पुढं लहानसं डबडं, मागं उघडा हौदा, चार बाजूंना दांड्या. टप नाही. आजवर गाड्यांचे प्रकार सांगताना त्यानं ही कधी मोजलीच नव्हती. शोरूममध्ये तिचं नाव काढलेलं त्याला खपत नसे.

“टेम्पो उद्या कोन चालवनार हाय?” त्यानं विचारलं.

“आसंल कोन तरी.”

“मी चालवतो.”

वस्तादांनी वर बघितलं. “शोरूमचं साहेब?”

“शिदू पैलवानाचं पोरगं.” हे म्हणताना त्याची मान जरा अधिकच वर झाली. “अण्णास्नी मागं उबं करतो. मधोमध. पटक्याचा तुरा उडू दे वाऱ्यावर. दूध संस्थेम्होरनं न्हेतो, चावडीवरनं न्हेतो, सगळ्या वाटंनं न्हेतो. बघू दे गावाला.”

“सावकाश चालीव मग. दांडी एका हातानं धरंल त्यो. दुसरा मिशीवर आसतोय.”

धैर्यशील हसला. मग तो वस्तादांच्या पुढ्यात बसला आणि त्यानं मान खाली घातली. कुणी सांगितलं नव्हतं. वस्तादांनी तुरा सोडला, आणि पदर उलगडत उलगडत तो गुलाबी फेटा त्याच्या डोक्यावरून उतरवून घेतला. डोकं हलकं झालं. कपाळावर पिळाची खूण तेवढी राहिली.

“आता अण्णास्नी काय सांगू नगासा,” तो खालमानेनंच म्हणाला. “माज्या गाडीत बसा म्हनून.”

“बरं.”

“आनि मला हे कळलंय, ते बी.”

“बरं.”

वस्ताद कापडाची घडी घालत राहिले. काठाला काठ जुळवून, सावकाश.

“आनि ती गाडी?” त्यांनी विचारलं.

“ती…” धैर्यशीलनं मातीतल्या त्या देखण्या चित्राकडे बघितलं. तासाभरापूर्वी जिच्याबद्दल त्याचं तोंड थांबत नव्हतं, ती हीच. “असू दे घरात.”

“का? गाडीनं काय केलंय? चांगली हाय की. टेम्पोच्या मागनं येऊ दे. मी येतो तिच्यात.”

“तुमी?”

“मागं. त्या मानाच्या शीटवर.”

“मागं टप लई खाली हाय, वस्ताद.” धैर्यशील कळवळून म्हणाला. “लागंल तुमाला.”

वस्तादांनी घडी पेटीत ठेवली, झाकण लावलं. मग आपल्या तुळतुळीत डोक्यावरून त्यांनी एकदा, पुढून मागं, हात फिरवला.

“न्हाई लागत,” ते म्हणाले. “माज्या डोक्यावर काय न्हाई.”